एकवीस गिअरची थाप

मंडळी, आजचा लेख जरा चिडून लिहितोय, आधीच सांगून ठेवतो. कारण क्षुल्लक आहे. आमच्या ऑफिसच्या सायकल ग्रुपवर परवा दिवसभर चर्चा चालली होती की सिंहगड चढताना 'एफिशियन्सी' वाढवायची असेल तर चेनला तेल बरं की मेण. लोकांनी हिरीरीने मतं मांडली. एकाने परदेशातून मागवलेल्या सिरॅमिक बेअरिंगची किंमत सांगितली, ती ऐकून मला त्या किमतीत एक अख्खी सायकल दिसली. पण सबंध चर्चेत एकानेही एक साधा प्रश्न विचारला नाही. बाबा रे, तुझ्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर कोणता?

विचारला असता तरी उत्तर आलं नसतं. आपल्याकडे सायकल विकली जाते ती गिअरच्या संख्येवर. "साहेब, ही एकवीस गिअरची, ही चोवीसची." जणू काही मोबाईलचे मेगापिक्सेल. आणि घेणाराही सुशिक्षित, दोन-दोन डिग्र्या असलेला, घरी जाऊन अभिमानाने सांगतो, एकवीस गिअर आहेत. त्यातला सगळ्यात हलका कोणता, तो चढावर पायाला किती जोर मागेल, हे दुकानदार सांगत नाही, कंपनी छापत नाही, आपणही विचारत नाही. माझं म्हणणं असं, की चढावर महत्त्वाची गोष्ट ही एकच आहे. बाकीचं सगळं त्यानंतर, आणि बरंच नंतर.

आता थोडं गणित. घाबरू नका, आठवीचंच आहे.

सपाट रस्त्यावर दम लागला की आपण काय करतो? हळू करतो. हळू केलं की हवेचा विरोध झपाट्याने कमी होतो आणि पायावरचा भारही उतरतो. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की चढावरही आपण तेच करायला जातो. पण चढावर हवेचा प्रश्न जवळजवळ नसतोच. तिथे मुख्य विरोध गुरुत्वाकर्षणाचा, आणि त्याला तुमच्या वेगाशी काही देणंघेणं नाही. ताशी पंधराने जा नाहीतर पाचने, ८ टक्के चढावर ८५ किलोचं ओझं (तुम्ही, सायकल, पाण्याच्या बाटल्या, पंक्चरचं सामान) सुमारे ६६ न्यूटनने मागे ओढतं. टायरच्या घर्षणाचे पाच-सहा न्यूटन धरा, म्हणजे ७२. हा आकडा ठरलेला. याचा अर्थ असा की पेडलवर द्यावा लागणारा जोर हळू गेल्याने कमी होत नाही. तो कमी करायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल कमी अंतर पुढे जाईल असा गिअर. वजन कमी करणं हा दुसरा, पण तो कार्यक्रम आपण सगळेच दर एक जानेवारीला हाती घेतो, त्याबद्दल न बोललेलं बरं.

म्हणून गिअरचा आकार मोजायची माझी पद्धत साधी आहे. पेडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल किती मीटर पुढे जाते? पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते, गुणिले चाकाचा परीघ. रोड बाईकच्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर. पुढे ३९, मागे २५ दाते असतील तर एका फेऱ्यात ३.२८ मीटर. पुढे २८ मागे २८ असतील तर २.१ मीटर. झालं गणित.

आता हे त्या ८ टक्के चढावर ठेवून बघू. क्रँक १७ सेंटीमीटरची, चेन आणि बेअरिंगमध्ये पाचेक टक्के वाया जातात असं धरलं, तर पेडलवर सरासरी जोर असा लागतो. ३९/२५ ला सुमारे २४ किलो. २८/२८ ला सुमारे १५ किलो. आणि आपली जुनी काळी, दूधवाल्याची, पेपरवाल्याची बिनागिअरची सायकल घ्या. पुढे ४४, मागे १८ दाते, २८ इंची चाक. एका फेऱ्यात जवळजवळ साडेपाच मीटर, आणि जोर सुमारे ३९ किलो. हे सरासरी आकडे आहेत बरं का. पाय वर-खाली जातो तेव्हा वरच्या आणि खालच्या टोकाला जोर जवळपास शून्य होतो, म्हणून मधल्या टप्प्यात तो सरासरीच्या जवळजवळ दुप्पट द्यावा लागतो. म्हणजे काळ्या सायकलवर ७५-८० किलो. सत्तर किलोच्या माणसाने नुसतं पेडलवर उभं राहून भागत नाही, हँडल वर ओढून स्वतःला आणखी खाली दाबावं लागतं. चढावर खाली उतरून सायकल ढकलणारा माणूस आळशी नसतो. त्याच्या सायकलवरच्या दात्यांनी त्याला खाली उतरवलेलं असतं.

इथे ग्रुपवरचे वीर म्हणतात, "अरे पण प्रोफेशनल लोक तर ३९/२५ नेच आल्प्स चढायचे." हो, चढायचे. त्याचंही गणित करू या. आपल्यासारखा हौशी माणूस तासभर जेमतेम १५० वॅट चाकापर्यंत पोचवतो. त्याचा वेग या चढावर होतो ताशी साडेसात किलोमीटर, आणि ३९/२५ वर त्याचे पेडलचे फेरे पडतात मिनिटाला ३८. तितक्याच वजनाचा पण ४०० वॅट देणारा सायकलपटू त्याच चढावर ताशी अठरा किलोमीटरने जातो, आणि त्याच ३९/२५ वर त्याचे फेरे होतात नव्वदच्या आसपास. गिअर तोच, पण तो पाय फिरवतोय आणि आपण लोणच्याचा दगडी रगडा फिरवतोय. त्याच्यासारखे नव्वद फेरे आपल्याला हवे असतील तर कोणता गिअर लागेल? पुढे २२, मागे ३४. हो, तोच 'ग्रॅनी गिअर', ज्याला बघून ग्रुपवर खोखो हसतात. व्यावसायिक सायकलपटूची खरी नक्कल करायची तर आपण आजीबाईंचा गिअर लावला पाहिजे, इतका सरळ हिशोब आहे.

आणि गंमत म्हणजे व्यावसायिकांनीही तो जुना हट्ट केव्हाच सोडला. शिमानोने २०२१ साली ड्युरा-एस हा आपला सगळ्यात वरचा, शर्यतीचा संच नव्याने आणला, त्यात मागे ११ ते ३४ दात्यांची कॅसेट आहे आणि पुढे ५०/३४ ची जोडीही मिळते. म्हणजे ज्याला पोटापाण्यासाठी डोंगर चढायचे आहेत त्याला एकास एक गिअर लावायला लाज वाटत नाही. लाज वाटते ती बाणेरला राहून रविवारी बोपदेव घाटात जाणाऱ्याला.

ही लाज मात्र नवी नाही, तिला शंभर वर्षांची परंपरा आहे. टूर द फ्रान्स ज्याने सुरू केली तो आंरी देग्रांज गिअर बदलण्याच्या कल्पनेचा कट्टर विरोधक होता. १९०२ साली त्याने लिहिलं त्याचा आशय असा, की हे गिअर वगैरे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, खऱ्या मर्दाने स्नायूंच्या बळावर जिंकावं. त्याच काळात सेंत-एतिएनमध्ये पॉल द विव्ही नावाचा गृहस्थ, 'वेलोसियो' या टोपणनावाने, आपल्या मासिकातून कानीकपाळी ओरडत होता की डोंगरात फिरायचं तर एकाहून जास्त गिअर हवेत. ऐकतो कोण? १९१० साली टूर पहिल्यांदा तुर्मालेच्या खिंडीतून गेली, तेव्हा जगातले उत्तमोत्तम सायकलपटू कच्च्या रस्त्यावर सायकल ढकलत चालत होते. त्या वर्षीचा विजेता ऑक्टाव्ह लापीझसुद्धा त्यातलाच. पुढेही वर्षानुवर्षं पद्धत अशी होती की मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या, आणि चढ आला की खाली उतरून चाक काढायचं, उलटं करून बसवायचं. देग्रांजच्या हातातून सूत्रं गेल्यावर १९३७ साली टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळाली. त्या वर्षी रोजे लापेबी डिरेलर लावून जिंकला, आणि खऱ्या मर्दांचं काय झालं याची नोंद कुठे नाही. :-)

देग्रांजचा मुद्दा निदान खेळाचा होता. शर्यत म्हणजे कष्टाची परीक्षा असावी, अशी त्याची श्रद्धा. पण आपल्या ग्रुपवर जेव्हा नव्या मुलाला सांगितलं जातं की "हेवी गिअरवर मार, पाय तयार होतील", तेव्हा तिथे कुठली श्रद्धा असते? मुद्दाम, ठरवून, थोडा थोडा वेळ जड गिअरवर सराव करणं वेगळं. रोज घरी येताना चांदणी चौकाच्या चढावर गुडघ्याची परीक्षा घेणं वेगळं.

आमच्या टीममधल्या एका मुलीचं उदाहरण देतो. (तिला विचारून लिहितोय.) तिने एकवीस गिअरची, पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली, अठरा किलोची सायकल घेतली. महिनाभरात गुडघे दुखायला लागले, दुसऱ्या महिन्यात सायकल बाल्कनीत गेली आणि तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. तिचं निदान तिने स्वतःच केलं होतं: "माझ्यात स्टॅमिनाच नाही रे." मी सायकल बघितली. पुढे ४२-३४-२४, मागे १४ ते २८. म्हणजे २४/२८ हा गिअर तिच्याकडे होता, एका फेऱ्यात पावणेदोन मीटर, पेडलवर सरासरी १२ किलो. झकास. पण पुढचा डिरेलर दुकानातूनच धड बसवलेला नव्हता, छोट्या चकतीवर नेलं की चेन पडायची, आणि दुकानदाराने सांगितलं होतं, "मॅडम, पुढचा गिअर छेडू नका, मागचेच वापरा." त्यामुळे बाई सगळीकडे ४२ वर. सगळ्यात हलका म्हणून जो गिअर ती वापरत होती तो ४२/२८, एका फेऱ्यात तीन मीटरहून जास्त, जोर २१ किलो, आणि ऐन टप्प्यात ४० च्या वर. तिचं स्वतःचं वजन ५८. स्टॅमिना गेला तेल लावत, इथे साधा स्क्रू फिरवायचा राहिला होता. एकवीस गिअर विकले, आणि वापरायला दिले सात. तेही जड बाजूचे.

बरं, एकवीस तरी खरोखर एकवीस असतात का? तिच्याच सायकलचं बघा. ४२/२४ म्हणजे १.७५. ३४/२० म्हणजे १.७०. २४/१४ म्हणजे १.७१. एकाच गिअरला तीन नावं! असे बरेच आहेत. हा काही डिझाइनचा दोष नव्हे. पुढच्या चकत्या म्हणजे तीन वेगवेगळे प्रदेश, सपाट, चढ आणि कडा, आणि त्यांच्या सीमा एकमेकींवर चढलेल्या असणं सोयीचंच असतं. पण मग डब्यावर एकवीस छापू नका. डझनभर वेगळे गिअर आहेत म्हणा, आणि सगळ्यात हलका इतका, सगळ्यात जड इतका, असं लिहा.

आता त्या तेल-मेण वाल्यांकडे येतो, त्यांना मोकळं सोडलं तर बरं दिसणार नाही.

चेनमध्ये शक्ती वाया कशी जाते? चेनची प्रत्येक कडी चकतीवर चढताना आणि उतरताना पिनेभोवती थोडी वळते, आणि त्या वळण्यात घर्षण होतं. ११ दात्यांच्या चकतीवर कडी जवळजवळ ३३ अंशात वळते, २२ दात्यांवर त्याच्या निम्मी. म्हणून मोठ्या चकत्या चांगल्या, छोट्या वाईट. शिवाय पुढची चकती जितकी छोटी, तितका त्याच जोरासाठी चेनवर ताण जास्त. म्हणजे २२/२२ आणि ४४/४४ हे दोन्ही एकास एकच गिअर, पण पहिल्यात चेनचं घर्षण दुप्पट. हे सगळं खरं आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांच्या गटाने १९९९ मध्ये चेनवर बारकाईने मोजमापं केली, तेव्हा उत्तम परिस्थितीत चेनची कार्यक्षमता ९८.६ टक्क्यांपर्यंत गेली, आणि मोठ्या चकत्या फायद्याच्या हेही दिसलं. वर, प्रयोगशाळेतल्या स्वच्छ चेनवर तेल कोणतं लावलं याने फारसा फरक पडला नाही!

पण 'दुप्पट' म्हणजे किती ते विचारा ना. माझ्या कच्च्या हिशोबाने ४४/४४ वर या वळण्यात अर्धा टक्का जातो आणि २२/२२ वर एक टक्का. दीडशे वॅटवर पाऊण वॅटचा फरक. आपल्या धंद्यात याला एक नाव आहे. प्रोफायलर न चालवता ऑप्टिमायझेशन करणं. आधी मोजा की वेळ कुठे जातोय. दीडशे वॅट चाकाला देणाऱ्या माणसाच्या शरीरात सातशेच्या आसपास वॅट जळत असतात, कारण माणसाच्या शरीराची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के. म्हणजे साडेपाचशे वॅट नुसती उष्णता, घाम. सात-आठ वॅट चेन, बेअरिंग वगैरे मिळून. आणि आपण त्या सात-आठमधला एक वॅट वाचवायला हजारो रुपये मोजणार, पण तोच पाय मिनिटाला ३८ फेऱ्यांवर रगडत ठेवणार! चेन स्वच्छ ठेवा हो, जरूर ठेवा. आपल्याकडच्या धुळीत न पुसलेली चेन स्वतः झिजते आणि चकत्याही खाते. पण त्याला चढ चढायची युक्ती म्हणू नका.

तीच गोष्ट लंबगोल चकत्यांची. ऐंशीच्या दशकात शिमानोने बायोपेस म्हणून काढल्या, अलीकडे ब्रॅडली विगिन्स आणि ख्रिस फ्रूम यांनी वेगळ्या धाटणीच्या वापरल्या. लांब बाजू नेमकी कुठे यावी याबद्दल या दोन पंथांत सरळ उलटी मतं आहेत. दोन विरुद्ध गोष्टी 'वैज्ञानिक' म्हणून विकता येतात तेव्हा फायदा फारसा मोठा नसावा, एवढं मी समजून घेतो.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. कुणी वाचलेला मित्र म्हणेल, प्रयोगशाळेत प्राणवायू मोजला तर कमी ताकदीवर पन्नास-साठ फेरे हेच सगळ्यात काटकसरीचे ठरतात, नव्वद नव्हे. बरोबर आहे. पाय नुसते हवेत फिरवायलाही खर्च येतो. पण काटकसर म्हणजे टिकणं नव्हे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेवढ्याच ताकदीवर मिनिटाला ५० आणि १०० फेरे मारायला लावून मांडीच्या स्नायूंचे नमुने तपासले होते. ५० फेऱ्यांना झटपट थकणाऱ्या तंतूंमधला साखरेचा साठा जास्त रिकामा झाला होता. कारण उघड आहे, दर फेऱ्याला जोर जास्त लागला की शरीर राखीव फौज बाहेर काढतं. सिंहगडाच्या शेवटच्या वळणांवर पायात गोळे येतात तेव्हा ती फौजही थकलेली असते. म्हणून मी नव्वदचा आग्रह धरत नाही. साठ-सत्तर फेरे बसून, गप्पा मारत, जमले पाहिजेत, एवढंच मागणं आहे. आणि ते ८ टक्के चढावर आपल्यासारख्याला जमायला एका फेऱ्यात दोन मीटर किंवा त्याहून कमीचा गिअर लागतो. फार हलकाही नको, कारण ताशी चार-पाच किलोमीटरच्या खाली सायकल डुगडुगायला लागते आणि मग तोल सांभाळण्यातच जीव जातो.

हे वाचून कुणी लगेच सायकल बदलू नका. मागची कॅसेट किंवा फ्रीव्हील बदलणं हा बहुतेक वेळा स्वस्तातला मार्ग आहे. फक्त मागचा डिरेलर किती दाते पेलतो ते आधी बघा, आणि चेनची लांबी. काही रोड बाईकना पुढे ५०/३४ आणि मागे १४-२८ मिळतं, म्हणजे सगळ्यात हलका २.५५ मीटर. मागे ३२-३४ केलं की आपण दोन मीटरच्या जवळ येतो.

पण माझा खरा राग आपल्यासारख्यांसाठी नाहीच. आपण काय, नाही जमलं तर कॅब बोलावतो. आमच्या सोसायटीचे वॉचमन काका साठीच्या घरातले, रोज बारा किलोमीटर त्या काळ्या सायकलवर येतात. वाटेत एक उड्डाणपूल. चढ फार नाही, चार टक्के धरा. पण पंचवीस-तीस किलोची सायकल-डबा-पिशवी आणि ते स्वतः, म्हणजे नव्वदेक किलो, आणि ४४/१८. पेडलवर सरासरी २३ किलो, ऐन टप्प्यात पंचेचाळीस. म्हणून काका पुलाच्या मध्यावर उतरायचे, आणि भरधाव गाड्यांच्या कडेने सायकल ढकलत न्यायचे. त्या पुलाला फुटपाथ नाही. मी तीन दुकानं पालथी घालून २२ दात्यांचं फ्रीव्हील मिळवलं. चेनमध्ये थोडी कडी वाढवली, तासाभराचं काम. जोर २३ वरून १९ वर आला. काका आता पूल न उतरता चढतात. सपाटीवर पाय जरा जास्त फिरतात म्हणून कुरकुरले चार दिवस, मग विसरले.

चार दाते! इतकी साधी गोष्ट. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लाखो लोकांनी त्याच दात्यांवर ओझी वाहिली, सिलेंडर वाहिले, दुधाचे कॅन वाहिले. सपाट गावात ४४/१८ ठीकच आहे, मोकळ्या रस्त्यावर छान पळते. पण पुण्यात, कोल्हापूरच्या पन्हाळ्याकडच्या रस्त्यावर, रत्नागिरीच्या घाट्यांमध्ये तीच सायकल तशीच विकायची, हे कुणी ठरवलं? नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरने १९०२ सालापासून मागच्या चाकाच्या तुंब्यात तीन गिअर बसवून दिले होते. त्यांच्या १९३६ पासूनच्या प्रसिद्ध एडब्ल्यू तुंब्यात हलका गिअर मूळच्या पाऊणपट, जड गिअर सव्वापटीहून थोडा जास्त. चेन पडत नाही, सगळं आत बंद, धूळ-पाऊस लागत नाही. २००१ साली चेस्टर काइल आणि फ्रँक बर्टो यांनी मोजून दाखवलं की असे तुंबे डिरेलरपेक्षा सरासरी दोनेक टक्क्यांनी कमी कार्यक्षम असतात. त्या दोन टक्क्यांवरून जगभर वाद झाले. इथे एका साठीच्या माणसाला पुलावर उतरावं लागतं की नाही हा प्रश्न आहे, आणि त्यात पाऊणपट गिअर पंचवीस टक्क्यांचं काम करतो.

कुणी म्हणेल, आता काय, इलेक्ट्रिक सायकली आल्या. आल्या ना. त्यातल्या स्वस्त बहुतेकींची मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात असते, म्हणजे तिला सायकलच्या गिअरचा काही उपयोग नाही. चाक हळू फिरलं की मोटरही हळू फिरते, करंट जास्त ओढते आणि तापते. काळ्या सायकलचं दुखणं तसंच्या तसं बॅटरी लावून परत आलं म्हणायचं. क्रँकपाशी बसवलेली मोटर चेनमधून जोर देते, त्यामुळे हलका गिअर टाकला की तीही आपल्यासारखीच आरामात फिरते. पण ती महाग. आणि जाहिरातीत पुन्हा काय छापतात? वॅट. मेगापिक्सेल गेले, वॅट आले.

तेव्हा सायकल कंपन्यांकडे माझी मागणी अगदी छोटी आहे, त्यांना एक नवा पैसा खर्च येणार नाही. फ्रेमवर जिथे '२१ स्पीड' असं ठळक लिहिता ना, तिथेच खाली लिहा: सगळ्यात हलका गिअर, एका फेऱ्यात इतके इतके मीटर. अक्षर बारीक चालेल. जागा नाही म्हणू नका, मी बघितलंय, तिथे सध्या आगीच्या ज्वाळांचं चित्र आहे.